सोनीच्या घरातील वेगळी चूल

जपानमधील नागोया परिसरातील मोरिता घराणे पिढ्यान्‌पिढ्या साके हे तांदळाचे मद्य, सोया सॉस आणि मिसो बनवून विकत आले होते. मद्याचा धंदा या मासिकाच्या वाचकांना रुचणारा नाही. परंतु त्या घराची व्यापारी रीत त्यांना अनोळखी वाटणार नाही. थोरल्या मुलाने पेढी सांभाळायची, लहान वयातच वडिलांच्या शेजारी बसून व्यवहार शिकायचा आणि चौदा पिढ्यांनी राखलेले नाव पंधराव्या पिढीने पुढे न्यायचे, असा तेथील शिरस्ता होता. या पंधराव्या पिढीचा वारस अकिओ मोरिता. १९४६ साली, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या टोकियोमध्ये मासारू इबुका या अभियंत्याच्या पुढाकाराने एक लहानसा विद्युत-उपकरणांचा उद्योग सुरू झाला. अकिओला त्यात भागीदार म्हणून घेण्यासाठी इबुका स्वतः मोरितांच्या घरी परवानगी मागण्यास गेला. थोरल्या मुलाला घरच्या पेढीतून मोकळे करणे ही त्या समाजात लहान गोष्ट नव्हती. वडिलांनी संमती दिली आणि पुढे अडचणीच्या काळात पैसाही पुरविला. नवा उद्योग पायांवर उभा राहीपर्यंत जुन्या पेढीचा आधार त्याला मिळत राहिला.

तो उद्योग म्हणजेच १९५८ पासून ‘सोनी’ या नावाने ओळखली जाणारी कंपनी. तिच्या घरात गेली काही वर्षे एक प्रश्न पुनःपुन्हा उंबरठ्याशी येऊन उभा राहतो. सुट्या भागांची, म्हणजे चिप बनविणारी आपली शाखा कंपनीने वेगळी करावी की एकाच छपराखाली ठेवावी? भारतात ज्याला ‘डिमर्जर’ म्हणतात त्याच स्वरूपाचा हा प्रश्न आहे. तो नीट समजून घ्यावयाचा तर त्या शाखेत नेमके काय बनते आणि ते कोण विकत घेते, हे आधी पाहणे इष्ट.

मोबाईल फोनच्या मागील बाजूस जे भिंग दिसते त्याच्या आत, नखाएवढ्या आकाराची सिलिकॉनची एक चकती असते. भिंगातून आलेला प्रकाश तिच्यावर पडतो व ती त्याचे विजेच्या संकेतांत रूपांतर करते. हाच इमेज सेन्सर. जगात विकल्या जाणाऱ्या अशा सेन्सरांपैकी किमतीच्या हिशेबाने जवळजवळ निम्मे सोनीचे असतात. ग्राहकाला त्याचा पत्ताही नसतो, कारण फोनवर नाव दुसऱ्याचेच असते. डिसेंबर २०२२ मध्ये ॲपल कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी जपानच्या क्युशू बेटावरील कुमामोतो येथे सोनीच्या कारखान्याला भेट दिली आणि आयफोनच्या कॅमेऱ्यासाठी एक दशकाहून अधिक काळ सोनीशी भागीदारी असल्याचे स्वतः जाहीर केले. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर सोनी स्वतःचे फोनही विकते आणि समोरच्या दुकानदाराला त्याच्या फोनचा सर्वांत मोलाचा भागही पुरविते. गंमत अशी की समोरच्या दुकानाची विक्री जितकी वाढेल तितका सोनीचा फायदा होतो, मग तिच्या स्वतःच्या फोनचे काहीही होवो.

ही शाखा एका रात्रीत उगवलेली नाही. १९७० च्या सुमारास सोनीच्या संशोधकांनी सीसीडी नावाच्या, प्रकाश टिपणाऱ्या चिपवर काम आरंभिले. १९७३ मध्ये अमेरिकेतील जबाबदारी संपवून परतलेल्या काझुओ इवामा यांनी ते काम आपल्या पंखाखाली घेतले. इवामा हे मोरितांचे मेहुणे. तत्पूर्वी, १९५० च्या दशकात अमेरिकेत राहून ट्रान्झिस्टरच्या कारखान्यांत जे पाहिले ते पत्रांतून तपशीलवार लिहून धाडणारे तेच. १९७६ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले. चिपवर वर्षामागून वर्षे पैसा खर्च होत होता आणि विकण्याजोगा माल हाती येत नव्हता. बनविलेल्या चिपांपैकी फार थोड्या चांगल्या निघत. हा खर्च चिपच्या खात्यातून निघणे शक्यच नव्हते, कारण त्या खात्याच्या जमेच्या बाजूला काहीच नव्हते. पैसा आला तो रंगीत दूरचित्रवाणी संचांच्या आणि टेपरेकॉर्डरांच्या विक्रीतून. अखेर १९८० मध्ये जपानी विमानकंपनी ऑल निप्पॉन एअरवेजच्या जंबो विमानांत सीसीडीचा पहिला रंगीत कॅमेरा बसविण्यात आला. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळचे दृश्य तो प्रवाशांना दाखवीत असे. १९८२ च्या ऑगस्टमध्ये इवामा निवर्तले. सीसीडीचा घरोघरी पोहोचणारा कॅमेरा १९८५ मध्ये निघाला, तो त्यांना पाहावयास मिळाला नाही. सहकाऱ्यांनी त्यांच्या समाधीच्या दगडावर एक सीसीडी चिप बसविली.

आता २०१९ कडे वळू. त्या वर्षी जून महिन्यात ‘थर्ड पॉइंट’ या अमेरिकी गुंतवणूकसंस्थेचे प्रमुख डॅनियल लोएब यांनी एक सविस्तर पत्र प्रसिद्ध केले. संस्थेने सोनीचे सुमारे दीड अब्ज डॉलरचे समभाग घेतले होते. लोएब हे सोनीला नवखे नव्हते; २०१३ मध्ये चित्रपट आणि संगीताच्या व्यवसायाचा काही हिस्सा बाजारात आणावा असा आग्रह त्यांनी धरला होता आणि कंपनीने तो नाकारला होता. या वेळी त्यांचे म्हणणे उलट दिशेने होते. चित्रपट, संगीत आणि खेळ हे सोनीने ठेवावे. चिपची शाखा मात्र स्वतंत्र कंपनी म्हणून बाजारात नोंदवावी. तिच्यासाठी त्यांनी ‘सोनी टेक्नॉलॉजीज’ असे नावही सुचविले. सोनीच्या नावाने असलेला विमा व बँक व्यवसाय आणि इतर कंपन्यांतील गुंतवणुकीही विकून मोकळे व्हावे, असे त्यात होते.

त्यांचा युक्तिवाद पोरकट मुळीच नव्हता. ज्या कंपनीत खेळ, गाणी, चित्रपट, विमा, दूरचित्रवाणी संच आणि चिप असे सहा प्रकारचे व्यवहार एकत्र नांदतात, तिचे मोल कसे करावे हे गुंतवणूकदाराला कळत नाही. खेळांचा जाणकार चिपकडे पाहत नाही, चिपचा जाणकार चित्रपटांना घाबरतो. परिणामी दोघेही थोडी कमीच किंमत देऊ करतात. एकत्र तोलले तर वजन कमी भरते आणि वेगवेगळे तोलले तर जास्त, असा हा बाजाराचा अनुभव आहे. शिवाय चिपच्या शाखेतील कर्तबगारी कंपनीच्या एकूण नावाखाली झाकून जाते. तिच्या प्रमुखांना आपल्या कामाचा निकाल आपल्याच समभागाच्या भावात दिसत नाही. ज्या घरात धाकट्या भावाचे दुकान उत्तम चालते, पण नफा-तोटा एकाच वहीत उतरतो, त्या घरातील धाकट्याची घुसमट व्यापारी कुटुंबांना सांगण्याची आवश्यकता नाही.

सोनीने घाई केली नाही. बाहेरचे वित्तीय व कायदेविषयक सल्लागार नेमून प्रस्ताव तपासला. १७ सप्टेंबर २०१९ रोजी तत्कालीन प्रमुख केनिचिरो योशिदा यांनी भागधारकांना पत्र लिहून संचालक मंडळाचा एकमुखी नकार कळविला. चिप ही कंपनीच्या पुढील वाढीचा मुख्य आधार आहे, असे त्यात म्हटले होते. शाखा वेगळी केल्यास पेटंटच्या परवान्यांचा खर्च वाढेल, उत्तम अभियंते मिळविणे कठीण होईल, स्वतंत्र नोंदणीकृत कंपनी चालविण्याचा भार पडेल आणि करांचेही नुकसान होईल, अशी कारणेही दिलेली होती. मात्र लोएब यांच्या सूचनांपैकी सर्वच काही धुडकावले गेले असे नाही. ऑलिम्पस कंपनीतील आपला हिस्सा सोनीने पत्र लिहिण्याच्या काही दिवस आधीच विकून टाकला होता.

या कारणांपैकी पेटंटचे आणि करांचे कारण खरे असले तरी ते मुनिमाचे कारण होय. तेवढ्यावर कोणी घर एकत्र ठेवीत नाही. नकारामागचे वजनदार कारण शोधावयाचे तर ते पत्रापेक्षा आधीच्या आणि नंतरच्या दोन वर्षांच्या हिशेबांत सापडते.

पहिले वर्ष २०१६. एप्रिलच्या १४ आणि १६ तारखांना कुमामोतोला भूकंपाचे दोन जबर धक्के बसले. सेन्सर बनविणारा सोनीचा कारखाना त्याच परिसरात. तेथील यंत्रे केसाच्या जाडीहूनही कित्येक पटींनी सूक्ष्म रेषा आखतात. जमीन हलल्यावर त्यांचे काय झाले असेल याची कल्पना यावी. काम बंद पडले. माल मिळेना म्हणून निकॉनसारख्या कॅमेरा कंपनीलाही आपल्या नव्या कॅमेऱ्यांचे वेळापत्रक पुढे ढकलावे लागले. वर्षाच्या नफ्याला सुमारे ११५ अब्ज येनचा फटका बसेल, असा अंदाज सोनीने मे महिन्यात जाहीर केला, आणि चिपच्या शाखेने ते आर्थिक वर्ष तोट्यातच संपविले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अवघ्या एक वर्षापूर्वी, २०१५ च्या उन्हाळ्यात, सोनीने मुख्यतः याच शाखेच्या विस्तारासाठी नवे समभाग आणि रोखे मिळून सुमारे ४४० अब्ज येन उभारण्याचे ठरविले होते. पाव शतकाहून अधिक काळ कंपनीने असे नवे समभाग विकले नव्हते. घोषणेनंतर भाव घसरला आणि भागधारक कुरकुरले. म्हणजे भांडवल ओतून झाले, यंत्रे आली, आणि लगेच धरणी हादरली. स्वतंत्र कंपनी असती तर तिच्या दारी सावकार त्याच आठवड्यात उभे राहिले असते. सोनीच्या घरात मात्र प्लेस्टेशनचा खेळ जोरात चालला होता. त्या नफ्याने हा खड्डा भरून काढला आणि कारखाना पुन्हा उभा राहीपर्यंत कुणाला उंबरा झिजवावा लागला नाही.

दुसरे वर्ष २०२०. चीनची हुआवेई ही सेन्सरची मोठी गिऱ्हाईक. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे सप्टेंबरपासून तिला माल देणे अडले. एका सरकारी आदेशाने बांधलेले गिऱ्हाईक तुटले. मालाचे साठे पडून राहिले. याच वेळी साथीमुळे माणसे घरी अडकून पडलेली, खेळांची मागणी वाढलेली आणि नवे प्लेस्टेशन बाजारात आलेले. त्या आर्थिक वर्षात सोनीचा निव्वळ नफा इतिहासात प्रथमच एक लाख कोटी येनच्या वर गेला. एका हाताचे गेले ते दुसऱ्या हाताने आले. लोएब यांच्या सल्ल्याप्रमाणे वर्षापूर्वीच वाटणी झाली असती तर खेळवाल्या कंपनीचे भागधारक दिवाळी करीत राहिले असते आणि चिपवाल्या कंपनीने नव्या कारखान्याचे काम थांबविले असते. चिपच्या धंद्यात एकदा थांबलेला माणूस पुढच्या पिढीच्या मालात मागे पडतो, आणि मागे पडलेल्याला गिऱ्हाईक परत येत नाही.

एवढ्यावरून एकत्र राहणेच सदैव श्रेयस्कर, असा निष्कर्ष काढला तर तो सोनीच्याच दुसऱ्या एका खात्यावर टिकणार नाही. लिथियम-आयन बॅटरी व्यापारी प्रमाणावर सर्वप्रथम बाजारात आणली ती सोनीनेच, १९९१ मध्ये. आज फोन, संगणक आणि मोटारी ज्या तत्त्वावर चालतात तेच हे तत्त्व. तरीही या शाखेला सोनीच्या घरात कधी थोरल्या मुलाचे स्थान मिळाले नाही. २००६ मध्ये संगणकांतील बॅटऱ्या तापून पेट घेत असल्याच्या तक्रारींमुळे लक्षावधी बॅटऱ्या परत घ्याव्या लागल्या. नंतर कोरिया व चीनमधील उत्पादक पुढे निघून गेले. भांडवल द्यावे की शाखा विकावी, या विचारात वर्षे गेली. शेवटी २०१७ मध्ये ती मुराता या जपानी कंपनीला अवघ्या सुमारे साडेसतरा अब्ज येनला दिली गेली. तोशिबाचा ओइता येथील एक चिपकारखाना घेण्यासाठी सोनीने त्याच्या जेमतेम दोन वर्षे आधी सुमारे एकोणीस अब्ज येन मोजले होते. जगाला बॅटरी देणाऱ्या शाखेची किंमत दुसऱ्याच्या एका जुन्या कारखान्याहून कमी भरली. एकत्र ठेवायचे पण पोसायचे नाही, हा तिसरा मार्ग होता आणि तो सर्वांत महाग पडला.

युरोपातील मोठ्या पेढ्यांनी आपल्या चिपशाखा वेगळ्या केल्या, त्यांचे अनुभवही याच संदर्भात पाहण्याजोगे आहेत. जर्मनीच्या सीमेन्सने १९९९ मध्ये आपली चिपशाखा ‘इन्फिनिऑन’ या नावाने वेगळी केली आणि मार्च २००० मध्ये बाजारात आणली. ३५ युरोला दिलेल्या समभागाचा भाव पहिल्याच दिवशी दुपटीच्या घरात गेला. नऊ वर्षांनी, २००९ च्या मार्चमध्ये, तोच समभाग एका युरोहूनही खाली आलेला होता. तिच्यातून पुढे फुटलेली ‘किमोंडा’ ही मेमरी चिपची कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली आणि ड्रेस्डेन शहरात हजारो कामगारांचे काम गेले. इन्फिनिऑन मात्र नवे समभाग विकून तगली आणि आज मोटारींच्या चिपमध्ये जगातील अग्रगण्य कंपन्यांत गणली जाते. हॉलंडच्या फिलिप्सची कथा आणखी निराळी. तिने २००६ मध्ये चिपशाखेचा ऐंशी टक्के हिस्सा खासगी गुंतवणूकदारांना विकला. ‘एनएक्सपी’ नावाची ती कंपनी खरेदीच्या कर्जाखाली अनेक वर्षे वाकलेली होती. अमेरिकेच्या मोटोरोलाने २००४ मध्ये वेगळी केलेली ‘फ्रीस्केल’ हीदेखील तशीच कर्जात बुडाली होती. २०१५ मध्ये या दोन परक्या घरांच्या विभक्त शाखा परस्परांत विलीन झाल्या आणि सावरल्या. वेगळे झालेले जगतात. पण मधली दहा वर्षे कशी जातात, हे भावाच्या आलेखावरून कळत नाही.

वरील उदाहरणांवरून एक भेद स्पष्ट होतो. वित्तव्यवसाय किंवा हॉटेल यांची शाखा वेगळी करणे आणि चिपची शाखा वेगळी करणे, ही सारखी कामे नव्हेत. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७-०८ मध्ये आपला वित्तव्यवसाय ‘बजाज फिनसर्व्ह’ म्हणून वेगळा केला, तेव्हा दोन्ही घरे आपापल्या मार्गाने भरभराटीस आली, हे महाराष्ट्रातील गुंतवणूकदारांनी पाहिले आहे. सोनीनेही २९ सप्टेंबर २०२५ रोजी हेच केले. २०२० मध्ये सुमारे ४०० अब्ज येन देऊन पूर्णपणे ताब्यात घेतलेली वित्तशाखा टोकियोच्या बाजारात स्वतंत्र नोंदविली, तिचे ऐंशी टक्क्यांहून थोडे अधिक समभाग आपल्याच भागधारकांत वाटले आणि वीस टक्क्यांहून कमी स्वतःकडे ठेवले. लोएब यांनी २०१९ मध्ये मागितले होते त्यातील एक कलम अशा रीतीने सहा वर्षांनी, आणि कंपनीच्या स्वतःच्या सोयीने, पार पडले. मात्र विमाशाखेला दर दोन-तीन वर्षांनी नवा कारखाना लागत नाही. तिचे वाईट वर्ष खाते वाकडे करते, चिपचे वाईट वर्ष पुढील पाच वर्षे खाते.

असे असूनही चिपचा प्रश्न मिटलेला नाही. एप्रिल २०२५ च्या अखेरीस ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेने सोनी या शाखेच्या विलगीकरणाचा विचार करीत असल्याची बातमी दिली. ठरलेली अशी कोणतीही योजना नाही, असे कंपनीने सांगितले. त्याच महिन्यात हिरोकी तोतोकी यांनी कंपनीची सूत्रे पूर्णतः हाती घेतली होती. २०१९ मध्ये ज्या कारणांनी ‘नाही’ म्हटले गेले ती सर्व आजही तशीच लागू आहेत, असे मात्र म्हणता येणार नाही. शाखा मोठी झाली आहे. तिच्या विक्रीचा फार मोठा भाग मोबाईल फोनवर आणि थोड्याच गिऱ्हाइकांवर अवलंबून आहे. एक गिऱ्हाईक गेले तर काय होते याचा प्रत्यय २०२० मध्ये आलेला आहे. दुसरीकडे, कुमामोतोमध्येच तैवानच्या टीएसएमसी कंपनीने सोनी व इतरांना अल्पभागीदार म्हणून सोबत घेऊन, जपान सरकारच्या मोठ्या अर्थसाहाय्याने चिपकारखाना उभारला आणि २०२४ च्या अखेरीस तेथे उत्पादन सुरू झाले. सर्व भांडवल एकाच घराने घालावयाचे ही जुनी अट त्यामुळे काही अंशी सैल झाली आहे. आणि सोनी स्वतः आता खेळ, गाणी, चित्रपट व ॲनिमे यांची पेढी म्हणून ओळखली जाऊ इच्छिते. तिच्या संचालकांच्या बैठकीत चिपसाठी मन लावून भांडणारा इवामांसारखा थोरला माणूस किती दिवस राहील, ही शंका घेण्यास जागा आहे. बॅटरीच्या शाखेसाठी असा माणूस कोणी नव्हता.

म्हणून २०१९ चा नकार योग्य होता, असे मान्य करूनही पुढील निर्णय त्याच्या उलट असू शकतो, आणि तोही योग्य ठरू शकतो. समभागांचे एकत्रित मोल किती वाढेल, हे आकडे त्या वेळी पुष्कळ जण मांडतील. कुमामोतो आणि नागासाकीच्या कारखान्यांतील माणसे मात्र दुसराच आकडा विचारतील. वेगळ्या झालेल्या कंपनीच्या तिजोरीत पहिल्या दिवशी रोकड किती असेल? एक संपूर्ण वर्ष माल विकला गेला नाही तरी पुढच्या यंत्रांची मागणी नोंदविता येईल एवढी, की फक्त पहिला लाभांश देता येईल एवढी? अकिओच्या वडिलांनी मुलाला मोकळे केले, परंतु नंतर कित्येक वर्षे ते त्या नव्या कारखान्याला पैसा पुरवीत राहिले, आणि परतफेडीच्या जागी त्यांना त्याच कंपनीचे समभाग मिळत गेले.